कोसमटोल्याच्या सारवलेल्या भिंती

गेल्या थंडीत मी एका वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. हिवतापाच्या नावाखाली सरकारी माणसं खेडोपाडी जातात, घरांच्या भिंतींवर पांढरं पाणी शिंपडतात आणि काम झालं म्हणून परत येतात, असं माझं म्हणणं होतं. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी अशी पत्रं लिहिते. काही छापून येतात. हे आलं, आणि पंधरा दिवसांनी कमलचं कार्ड आलं. कमल माझी विद्यार्थिनी. आता धानोऱ्याच्या दवाखान्यात नर्स आहे.

"बाई, पत्रं काय लिहिता, इकडे या. तुम्ही चारशे मुलींना गप्प बसवत होतात. इथे तेवीस घरांच्या बायकांना दार उघडायला लावायचं आहे. फवारणीची माणसं आली की त्या कड्या लावून घेतात."

शेजारच्या वहिनींनी वाघाची भीती घातली. मी म्हटलं, माझ्यात वाघाला काय मिळणार, हाडं आणि मतं. मेच्या दुसऱ्या आठवड्यात निघाले.

तुम्ही जाणार असाल तर आधी हे वाचून ठेवा. नागपूरहून अरुंद रुळांच्या लहान गाडीने नागभीड, तिथे गाडी बदलून मूल गाव. मोठ्या गाडीने चांद्याला जाऊन मोटारीने मागे येणारे लोक शहाणे समजले जातात, पण त्यांना धूळ दुप्पट मिळते. लहान गाडी चढावर इतकी हळू चालते, की एक गृहस्थ खाली उतरून शेजारी चालले आणि टेंभरं वेचून परत डब्यात आले. मलाही दोन दिली. गोड असतात, बिया मोठ्या. पाणी घरून न्या.

मूलला मोटारीच्या कंडक्टरशी माझं भांडण झालं. यंदा नवे पैसे आले आहेत आणि आण्याचे किती नवे पैसे याबद्दल प्रत्येक कंडक्टरचं स्वतंत्र गणित आहे. "बाई, सरकारनंच घोळ केला, मले काऊन बोलता?" म्हणाला. हे म्हणणं खरं असल्यामुळे मी तो म्हणेल तेवढे पैसे दिले. विदर्भ मुंबई राज्यात जाऊन अजून वर्ष झालेलं नाही आणि नाणीही बदलली. इकडच्या माणसांनी एका वर्षात किती गोष्टी नव्याने शिकायच्या?

सावली गावाच्या पुढे वैनगंगा. पूल नाही. मोटार अलीकडेच थांबते. मेमध्ये नदी एका काठाला सरकलेली असते, म्हणून अर्धा मैल तापलेल्या वाळूतून चालायचं आणि मग डोंग्यात बसायचं. चपला जाड तळव्याच्या घ्या. माझ्या नव्हत्या. पलीकडे दुसरी मोटार उभी असते, असली तर. ती गडचिरोलीला पोचवते. मी तिथे एका शिक्षकाच्या घरी राहिले. त्यांच्या पत्नीने भात, जवसाची चटणी आणि आंब्याचं पन्हं दिलं आणि माझ्या पायांना तेल लावू का म्हणून विचारलं. मी नको म्हटलं. पुन्हा विचारलं असतं तर हो म्हटलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी धानोरा. कमल मोटारीजवळ उभी होती. शाळेत होती तेवढीच बारीक, आवाज मात्र वाढलेला. तिच्याबरोबर फवारणीचा मुकादम, श्रावण त्याचं नाव, ब्रह्मपुरीकडचा. तो माझ्याकडे आणि माझ्या होल्डॉलकडे बघून म्हणाला, "मोठ्या बाई, एवढं सामान? राहाले आल्या का जी?"

"काम होईपर्यंत."

"मंग त घरच बांधा लागते."

पुढचा रस्ता बंडीचा. बैलांना घाई नव्हती. साग वाळून गेलेला, मोहाची नवी पालवी मात्र तांबूस आणि टवटवीत. बंडीत आमच्यामागे पंप, बादल्या आणि पांढऱ्या भुकटीची पोती होती. वाटेत कमलने मला सगळी हकीकत सांगितली. पावसाळ्यात कोसमटोल्याच्या वाटेवरचा नाला भरतो आणि मग गाव चार महिने तुटतं. दवाखाना असून नसल्यासारखा. ताप येतो तोही त्याच चार महिन्यांत. म्हणून फवारणी पावसाआधीच व्हायला हवी, आणि भुकटी गावागावाला मोजून मिळते. पावसाला फार तर तीन आठवडे होते.

कोसमटोल्यात आम्ही सोमीबाईकडे उतरलो. तिचा नवरा गावचा पाटील, पण गाव कोण चालवतं हे अंगणात पाय ठेवताच कळतं. तिची सून मैनी सातव्या महिन्यात होती. अठरा-एकोणीस वर्षांची, सुपात मोहफुलं निवडत बसलेली. मागच्या वर्षी पोळ्याच्या सुमारास तिला थंडीताप आला, दिवस भरायच्या आत मूल झालं आणि दोन दिवसांनी गेलं. सोमीबाईने हे मला पहिल्या अर्ध्या तासात सांगितलं, मैनीच्या देखत, भात वाढता वाढता.

"यंदा हे मले जगलं पायजे," ती म्हणाली. "तुमच्या पान्यानं जगत असन त मारा पानी. पन देवाच्या खोलीत तुमचा मानूस नाई जाऊ देनार."

अडचण एवढीच होती. प्रत्येक घरात एक आतली खोली असते. तिथे त्यांचे पूर्वज, त्यांचे देव मडक्यांत असतात. परक्या माणसाने तिथे पाऊल ठेवायचं नाही. श्रावणचे लोक तिथे घुसायला बघत, म्हणून बायका बाहेरच्या दारालाच कडी लावत. दोन वर्षं हे चाललं होतं. दोन वर्षांत कोणी त्यांना कारण विचारलं नव्हतं, आणि "अडाणी लोक सहकार्य करीत नाहीत" असं लिहून कागद वर जात होता. मी कमलला विचारलं, "तू तरी विचारलंस का?" ती म्हणाली, "बाई, मला यंदाच नेमलं आहे."

तोडगा मीच काढला आणि त्याचा मला भलताच अभिमान वाटला. आतली खोली घरच्या बाईनेच फवारायची. श्रावण आधी अडला. "पंप बाईमानसाच्या हातात? नळी कोन धरन, प्रेशर कोन पाहन?"

सोमीबाईने त्याच्या हातातून नळी घेतली. "मी दोन घागरी डोक्यावर आन् एक लेकरू कमरेवर घेऊन नाला चढतो. तुही नळी त्याहून जड आहे काय रे, भाऊ?"

बायका हसल्या आणि काम सुरू झालं. तेंदूची पानं तोडायला त्या पहाटेच जंगलात जातात आणि दहा-अकराला परततात, म्हणून फवारणी दुपारी. आधी सगळी मडकी, कणगीतलं धान्य, कोंबड्या बाहेर. एक माणूस बादलीतला पंप हलवतो, दुसरा वरून खाली पट्टे मारत जातो. आतल्या खोलीत घरधनीण. शेवटी श्रावण प्रत्येक दारात सांगे, "भिंतीले हात लावाचा नाई." मी समजले, ओलं आहे तोवर. दोन दिवसांत तेवीस घरं आणि त्यांचे गोठे झाले. एकही कडी लागली नाही. सोमीबाईने मैनीची खोली स्वतः फवारली, दोनदा बघून घेतली, कोपरे बाकी नाहीत ना म्हणून. पहिल्याच रात्रीत ढेकूण मेले, या गोष्टीने तर पुरुषही खूष झाले.

तिसऱ्या दिवशी सकाळी कमलला शेजारच्या पाड्यावर एका बाळंतिणीसाठी जावं लागलं. दुपारी श्रावण आणि त्याची माणसं झाडाखाली झोपली होती. मी एकटी, काम फत्ते झालेलं, आणि समोर सगळ्या बायका पानांचे पुडे बांधत बसलेल्या. शिक्षकाच्या आयुष्यात याहून धोक्याचा क्षण नसतो.

मी बोलायला लागले. सोमीबाई माझं बोलणं गोंडीत सांगत होती. आमच्या कॉन्व्हेंटात सिस्टर रोज सकाळी नखं आणि कॉलर बघायच्या, त्याचा मला आयुष्यभर उपयोग झाला, वगैरे. मग माझी नजर घरांकडे गेली. त्या बायकांच्या भिंती इतक्या सुंदर असतात, पांढऱ्या मातीने हात फिरवलेल्या. त्यांच्यावर आता फवाऱ्याचे ओघळ वाळून पोपडे धरले होते. मला ते बघवेना. मी म्हटलं, आता औषध मारून झालं आहे, ढेकूण मेले आहेत, घरं सारवून स्वच्छ करा. उद्या मी स्वतः घरं बघेन. ज्या घराच्या भिंती सगळ्यात चांगल्या, तिला माझ्याकडून साबणाची वडी.

सोमीबाईने हे गोंडीत सांगायच्या आधी मला विचारलं, "औषद वाहून नाई जानार?"

"औषधाने त्याचं काम केलं," मी म्हणाले. इतक्या खात्रीने मी बत्तीस वर्षांत भूगोलसुद्धा शिकवला नसेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाव लखलखत होतं. शेण, पांढरी माती, आत-बाहेर, जिथवर हात पोचतो तिथवर. बांबूच्या कुडाच्या भिंतीवर त्यांच्या बोटांच्या अर्धगोल रेषा उमटलेल्या. मी घरोघर फिरले. टोकाच्या झोपडीत राहणाऱ्या रुजी म्हातारीला वडी दिली, कारण तिने एकटीने सगळं केलं होतं. तिने वडी नाकाशी धरली आणि इतकी हसली, की तिच्या तोंडात तीन दात आहेत हे मला मोजता आलं.

दुपारी कमल परत आली. ती सोमीबाईच्या दारात उभी राहिली, आत गेली, मैनीच्या खोलीत गेली, भिंतीवर हात फिरवून बाहेर आली. हात कोरा होता.

"बाई," ती म्हणाली, "हे कुणी सांगितलं?"

मी सांगितलं. मग तिने मला सांगितलं, दहावीच्या मुलीला सांगावं तसं. डास चावला की पोट जड होऊन जवळच्या भिंतीवर बसतो. भिंतीवरची भुकटी पायाला लागते आणि तो मरतो. ती घाण दिसणारी पांढरी पूड म्हणजेच औषध. ती पावसाळाभर भिंतीवर राहायला हवी. ढेकणांचं मरण हा वरचा लाभ.

"आणि आता?"

"आता हातापेक्षा उंच जेवढी उरली आहे तेवढी. डास बसतात ते खाली."

आजूबाजूच्या बायकांना हे समजायला भाषांतर लागलं नाही. मैनी उठून आत गेली. सोमीबाई माझ्याकडे बघत राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

श्रावण डोळे चोळत आला. "जाऊ द्या जी. रजिस्टरात फवारलं म्हनून लिहिलं आहे."

"भिंत काय रजिस्टर वाचते?" मी तडकले. "दारोदार फक्त 'हात लावू नका' म्हणत होतात. का लावायचा नाही, हे सांगायला जीभ झिजत होती का?"

"माही चूक झाली," तो शांतपणे म्हणाला. "पन पुसाले कोनं लावलं, मोठ्या बाई?"

मी बंडीत काही उरलं आहे का ते बघायला गेले.

उरलेली पोती होती ती पुढच्या गावाची, भुरकीची. नवी भुकटी यायची तर धानोऱ्याहून जिल्ह्याच्या ठिकाणी, चांद्याला, कागद जायला हवा आणि कागद परत यायच्या आत नाला भरला असता. कमल बराच वेळ बोटांवर हिशेब करत होती. मग म्हणाली, भुरकीत गुरं फार, गोठे मोठे. गोठ्यांची भुकटी वाचवली तर कोसमटोल्यातल्या फक्त झोपायच्या खोल्या पुन्हा फवारता येतील. डॉक्टरांना ती कळवेल. "पण भुरकीच्या वाट्याचं आहे. त्यांना न विचारता मी हात लावणार नाही."

"माहेर माहं तिकडलं," सोमीबाई म्हणाली. "मी येतो संगं. पन मांगाचं तुमी. चूक तुमची, तोंडही तुमचं."

भुरकी दोन कोस. आम्ही सकाळी निघालो, सोमीबाई पुढे, मी मागे, कमल छत्री धरून.  एका ठिकाणी तोच नाला ओलांडला, कोरडा, गोट्यांनी भरलेला. तिथे सोमीबाई थांबली आणि काठीने काठावरच्या झाडाच्या बुंध्याची खूण दाखवली, माझ्या डोक्याच्या वर. "पानी इथवर येते," म्हणाली. पुन्हा चालायला लागली.

भुरकीच्या बायका मोहाच्या सावलीत पानं जुळवत बसल्या होत्या. मला माफी मागायची सवय नाही. बत्तीस वर्षं मी ती दुसऱ्यांकडून मागून घेतली. उभ्यानेच बोलले, कारण बसले असते तर उठता आलं नसतं. म्हटलं, मी शिकलेली आहे आणि मला हे माहीत नव्हतं. माहीत नसताना मी हुकूम सोडला. कोसमटोल्यातल्या तुमच्या बहिणींनी माझं ऐकलं आणि त्यांच्या भिंतींवरचं औषध गेलं. त्यांच्या घरांत तीन पोटुशा बायका आहेत आणि अंगावर पिणारी पोरं आहेत. तुमच्या गोठ्यांचं औषध द्या.

 मग एक जाडजूड बाई पानं न सोडता म्हणाली, "साबन कोनाले भेटला?"

सगळ्या हसायला लागल्या. इतक्या, की एकीच्या मांडीवरचं पोर जागं होऊन रडायला लागलं.

"शिकलेली बाई चुकली म्हनते," दुसरी म्हणाली. "आमच्या घरचे मानसं त दारू पिऊन नाल्यात पडले तरी नाल्याचीच चूक."

जाडजूड बाईने सोमीबाईला गोंडीत बरंच काही विचारलं. सोमीबाईने पोटावर हात ठेवून मैनीबद्दल सांगितलं असावं. मग ती माझ्याकडे वळली. "गोठे सोडू आमी. पन एक गोठा नाई सुटनार."

"का?"

"आमचा गोवारी गुराजवळच झोपते. म्हातारा आहे, त्याले घर नाई. तुमाले मानसाच्या झोपाच्या खोल्या पायजे ना? मंग त्याची खोली तेच आहे."

कमलने माझ्याकडे पाहिलं. आमच्या हिशेबात गोठा म्हणजे गुरं होती. म्हातारा गोवारी नव्हता. मी लगेच हो म्हटलं. त्या दिवशी तेवढी एक गोष्ट मी न चुकता केली.

दुसऱ्या दिवशी कोसमटोल्यात पुन्हा मडकी बाहेर आली. या वेळी कमलने भिंतीवर बोट फिरवून पांढरं बोट प्रत्येक बाईला दाखवलं आणि डास कसा बसतो तेही हाताने करून दाखवलं. हे पहिल्या दिवशी दहा मिनिटांत झालं असतं. झोपायच्या खोल्याही बायकांनीच फवारल्या. सोमीबाईने मैनीची खोली आधी घेतली नाही. क्रमाने जा म्हणाली, आपलं घर येईल तेव्हा येईल. भुकटी शेवटच्या तीन घरांपाशी पातळ होत गेली. श्रावणने बादल्या धुऊन त्याचंही पाणी मारलं. टोकाचं घर रुजी म्हातारीचं. तिने पदराखालून वडी काढून माझ्यासमोर धरली. परत करायला आली होती. मी घेतली नाही, आणि तिच्या तोंडाकडे बघितलंही नाही.

परतीचा प्रवास तोच, उलट क्रमाने. नदीपाशी जाड चपला नसल्याचा पुन्हा पश्चात्ताप. गडचिरोलीच्या शिक्षकपत्नीने तेलाचं विचारलं आणि मी पाय पुढे केले. जायचं असेल तर मे अखेरपर्यंत जा. भेट म्हणून मीठ, काड्यापेट्या, सुया न्या. उपदेश नेऊ नका. न्यायचाच असेल तर तिथल्या नर्सला आधी वाचून दाखवा.

नागपूरला पाऊस जूनच्या दुसऱ्या आठवड्यात लागला. तेव्हापासून मी रोज पोस्टमनची वाट बघितली. पत्र येणार नाही हे माहीत होतं, नाला भरलेला होता. झाडाच्या बुंध्यावरची ती खूण मी कमलपेक्षा नीट पाहिली होती. पोळा झाल्यावर आठवड्याने पत्र आलं. नाल्याला उतार पडला होता आणि कमल कोसमटोल्याला जाऊन आली होती.

ताप तीन घरांत आला. दोन माणसं उठली. रुजी म्हातारी उठली नाही. तिचं वय झालं होतं, ताप भिंतीमुळे की वयामुळे हे सांगता येत नाही, असं कमल लिहिते. मला सांगता येतं.

मैनीला ताप आला नाही. श्रावणात दिवस भरून मुलगी झाली. कमल गेली तेव्हा ती महिन्याची होती आणि आजीच्या मांडीवर पाय झाडत होती.

पुढे कमलने लिहिलं आहे, की सोमीबाईने नाला भरायच्या आधीच धानोऱ्याच्या बाजारात मीठ घ्यायला आलेल्या दुसऱ्या गावांच्या बायकांना सांगायला सुरुवात केली: सारवायचं ते फवारणीच्या आदल्या दिवशी, नंतर दिवाळीपर्यंत भिंतीला हात नाही. हा नियम कोसमटोल्याने स्वतःच बसवला. आणि लोकांना पटावं म्हणून ती गोष्टही सांगते, की पुण्याची एक शिकलेली बाई आली होती, तिने आमच्याकडून औषध पुसून घेतलं आणि वर बक्षीस दिलं. बायका पोट धरून हसतात आणि नियम लक्षात ठेवतात. आणखी दोन गावांनी तो घेतला आहे. "तुम्हाला राग येत असेल तर मी तिला गोष्ट बंद करायला सांगते, बाई."

राग आला. दोन दिवस राहिला. तिसऱ्या दिवशी मी कार्ड लिहिलं: सांगू दे. बाजारात जितक्या बायका भेटतील तितक्यांना सांगू दे. रुजीचंही सांगायला सांग, हसून झाल्यावर. फक्त पुण्याची म्हणू नको म्हणावं, पुण्याचा यात काही दोष नाही. बाई नागपूरची होती.